आठ फुटांच्या मोरीचे सदतीस फॉर्म

सरूबाईंना स्वयंपाकघरात एक खिळा ठोकून हवा होता, चाळणी अडकवायला. एवढी साधी गोष्ट त्यांनी सकाळी चहाबरोबर नवऱ्याला सांगितली. कडूबा वाकळे यांनी कप खाली ठेवला आणि धरणाचा इंजिनिअर दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे पाहतो तसं भिंतीकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून विचारलं, "चाळणी एकटीच राहणार, का पुढं झारा बी येणार?"

"दोन्ही."

"मग पुढचा भार आत्ताच धरावा लागंल."

रविवारपर्यंत त्यांनी खिळ्याच्या जागेचे दोन पर्याय, दोन्हींचे गुणदोष आणि भिंतीच्या पोटात विजेची तार असण्याचा संभव, एवढं सगळं एका कागदावर आखून आणलं. तोवर सरूबाईंनी वरवंट्यानं खिळा ठोकून त्याला चाळणी, झारा आणि नवऱ्याची टोपी अशा तीन वस्तू अडकवल्या होत्या. कडूबांनी टोपी काढून घेतली, खिळा हलवून पाहिला आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : 'काम पूर्ण. पाहणी केली.'

माणूस वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुकुंदवाडीत राहणारा, सायकलवर चिकलठाण्याला जाणारा, वाटेत कुणाची साखळी उतरली असेल तर थांबून ती का उतरली हे विचारणारा आणि मग बसवूनही देणारा असा तो सज्जन गृहस्थ होता. दोष एकच. कुठलीही गोष्ट दिसली, की ती अशी का आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

कडूबा मूळचे देवगाव रंगारीचे. मॅट्रिक झाल्यावर गुलमंडीत टायपिंग शिकले आणि चिकलठाण्याच्या वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटले. एकोणीसशे एक्याऐंशी साली कारखान्यानं नवी ओतशाळा बांधायला काढली. त्यासाठी मुंबईहून सल्लागार मंडळी आली. त्यांनी येताना एक हिरवी फाइल आणली होती, आणि तिच्यात सदतीस प्रकारचे फॉर्म होते. कामाची ओळख, कामाची गरज, पर्याय, माती, हवामान, माणसं, धोके, रोजची प्रगती, आठवड्याची प्रगती, प्रगती झाली नसल्यास तिची कारणं. हे सगळं टाइप करायला कडूबांकडे आलं.

टायपिस्ट सहसा वाचत नाही. अक्षरं डोळ्यांतून शिरतात आणि बोटांतून निघून जातात, मध्ये डोक्याला त्रास होत नाही. कडूबांनी मात्र सगळं वाचलं आणि प्रत्येक फॉर्म घेऊन ते सल्लागारांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "साहेब, हा कशापायी?" सल्लागार आधी वैतागले, मग खूश झाले, कारण घरीही त्यांना कुणी इतकं विचारत नसावं. अडीच वर्षांत ओतशाळा उभी राहिली, ठरल्यापेक्षा अकरा दिवस आधी. कुठल्या दिवशी कुठला ट्रक कुठल्या फाटकातून येणार हेसुद्धा त्या फाइलीत होतं आणि तो त्याच फाटकातून येत होता. कडूबांचा त्या हिरव्या फाइलीवर जो जीव जडला तो तिथं.

सल्लागार परत गेले, फाइल मागं राहिली आणि तिच्यासोबत कडूबांना एक खोली मिळाली. दारावर पाटी लागली : 'नियोजन कक्ष. क. पुं. वाकळे, नियोजन सहायक.' पाटीतले 'पुं.' म्हणजे कडूबांचे वडील पुंजाराम. ते खास देवगावहून एसटीनं ती पाटी बघायला आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यातलं आपलं अक्षर कुठलं ते विचारून घेतलं आणि उपरण्याच्या टोकानं तेवढं पुसलं. कडूबा म्हणाले, "बसा ना खुर्चीत."

"मी नाय. तू बस. मी बघतो."

आणि म्हातारा दहा मिनिटं दारात उभा राहून मुलगा खुर्चीत बसलेला बघत राहिला. त्या दिवसापासून त्या खुर्चीचं मोल कडूबांच्या लेखी पगाराच्या पत्रकात मावणारं नव्हतं.

अडचण एवढीच झाली, की ओतशाळेनंतर कारखान्यात मोठं काम निघेना. नियम मात्र होऊन बसला होता, की बांधकाम, दुरुस्ती, फेरबदल, जे काही असेल ते नियोजन कक्षातून जाईल. त्यामुळे फुटलेली काच, डुगडुगणारा बाक, गळका नळ, सगळे सदतीस फॉर्मांतून जाऊ लागले. ऑफिसातला पंखा बदलायचा होता तेव्हा एका फॉर्मात प्रश्न होता, 'काम संपल्यावर मनुष्यबळ कामाच्या जागेवरून कसे हलवणार?' कडूबांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'इलेक्ट्रिशियन शिडीवरून खाली उतरेल.' तीन प्रतींत.

अशात कॅन्टीनच्या मोरीचं काम निघालं.

कॅन्टीनमध्ये भागूबाई दोनशे बारा माणसांची ताटं घासत. भांडी घासायच्या कोपऱ्यातला जुना नळ जमिनीखाली दबून बुजला होता, त्यामुळे पाणी जागच्या जागी तुंबे. भागूबाई रोज चार तास त्या पाण्यात उभ्या. त्यांनी दोन विटा टाकल्या आणि त्यांवर उभ्या राहू लागल्या, पण विटा शेवाळल्या आणि त्या दोनदा घसरून पडल्या. पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलायला लागली होती. हवी होती कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत आठ फुटांची एक उघडी मोरी. एवढंच.

या मोरीची फाइल आठ महिन्यांत एकतिसाव्या फॉर्मापर्यंत पोचली होती. अकराव्या फॉर्मासाठी कडूबांनी कॅन्टीनमागची माती तपासायला पाठवली. अहवाल आला, की ही जमीन चार मजली इमारतीस योग्य आहे.

"मग बांधा चार मजले," भागूबाई म्हणाल्या. "मी वरच्या मजल्यावर घासते. पाणी आपोआप खाली येईल."

"मावशी, चेष्टा नका करू. माती कशी हाय हे कळाया नको?"

"कशी हाय ते मला इचारा की. वली हाय."

एकतिसावा फॉर्म दहा वर्षांच्या पावसाचा होता. त्यासाठी कडूबांनी विमानतळावरच्या हवामानवाल्यांना पत्र टाकलं होतं. तिथून मोठ्या आस्थेनं उलट विचारणा आली होती, की धरण कुठल्या नदीवर आहे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात कारखान्याला नवे मॅनेजर आले. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, उंचीनं ते बेताचेच होते. पहिल्याच आठवड्यात ते कॅन्टीन बघायला गेले आणि दोन पावलांत बुटांसकट तुंबलेल्या पाण्यात उतरले. भागूबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं, पाय पुसायला फडकं दिलं आणि आठ महिन्यांची हकीकतही दिली. ती हकीकत त्यांना पाठ होती.

दुपारी कडूबांना बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर मोरीची फाइल होती. तिची जाडी बघून साहेबांनी चष्मा काढला.

"वाकळे, ओतशाळेच्या कामाचे कागद किती होते?"

"अकराशे चाळीस, साहेब."

"आणि मोरीचे?"

"दोनशे सहा. अजून सहा फॉर्म बाकी हायेत."

"म्हणजे मोरी ओतशाळेच्या सहाव्या हिश्शाएवढी आहे?"

कडूबांना हा प्रश्न फार आवडला. असा हिशेब त्यांनी कधी मांडून पाहिला नव्हता. पण ते विचारात पडले तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "तीस दिवस देतो. तुमच्या कक्षातून ही मोरी झाली, तर कक्ष राहील. नाही झाली, तर खोली बंद करून तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवतो. तिथं माणूस कमीच आहे."

कडूबा खोलीत येऊन खुर्चीत बसले. पाटी आतून दिसत नाही, म्हणून उठले, बाहेर जाऊन पाटी पाहिली आणि परत येऊन बसले. पुढच्या रविवारी देवगावला जायचं होतं. वडील गावात भेटेल त्याला सांगत, 'पोराच्या खोलीला दार हाय आणि दाराला माझं अक्षर.' स्टोअरला दार नव्हतं, शटर होतं.

घाबरलेला माणूस एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारतो. कडूबांनी तेच केलं. त्यांनी हिरवी फाइल कपाटात कोंडली आणि फकिरा मिस्त्रीला बोलावलं.

फकिरा हा गवंड्यांमधला गवई. थापी हातात घेतली, की त्याला पुढचं-मागचं दिसत नसे. कडूबा त्याला म्हणाले, "कागद नाय, फॉर्म नाय, कायबी नाय. कॅन्टीनच्या कोपऱ्यातून आठ फूट मोरी काढ. करून टाक."

फकिरानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "कडूबाभाऊ, बरं हाय ना अंगात?"

"बरं हाय. तू लाग."

दोन दिवसांत फकिरानं मोरी केली. मोरी कसली, दागिनाच होता तो. घोटून गुळगुळीत केलेली, उतार असा की लिंबू सोडलं तर न अडखळता पलीकडे जाईल. भागूबाईंनी पहिली बादली ओतली. पाणी सळसळत गेलं, भिंतीतल्या भोकातून पल्याड पडलं आणि भागूबाई विटांवरून खाली उतरल्या. कडूबांना वाटलं, आपण दोन-अडीच वर्षं उगीच लिहीत बसलो.

भिंतीच्या पल्याड साहेबांची गाडी उभी राहत असे. दुपारी दोनशे बारा ताटांचं पाणी, डाळ, भात आणि शेवग्याच्या शेंगांची सालं, सगळं त्या सुंदर उतारानं जाऊन गाडीच्या जागेवर तळं करून थांबलं. साहेब जेवून गाडीनं परतले, त्यांनी आतून दार उघडून पाय खाली ठेवला तो थेट वरणात. अठरा दिवसांतला त्यांचा हा दुसरा बूट.

"आता मला सांग," कडूबा फकिराला म्हणाले, "पाणी तिकडं का सोडलं?"

"मग कुठं सोडू? तुमी आठ फूट म्हनले. आठ फुटांवर भिंत संपली. डावीकडं सोडायचं का उजवीकडं, कुनी सांगितलं? कॅन्टीनच्या पोऱ्याला इचारलं, तो म्हनला सोडा कुठंबी."

कडूबा खोलीत गेले. कपाट उघडून मोरीची फाइल काढली आणि पानं उलटत एकोणिसाव्या फॉर्मापाशी आले. तिथं त्यांच्याच अक्षरात, सात महिन्यांपूर्वीची नोंद होती : 'निचऱ्याची दिशा : डावीकडे वळवून कडुनिंबाच्या आळ्यात. उजवीकडे वाहने उभी राहतात.' तीन प्रतींत लिहिलेलं. एक प्रत कपाटात, एक हेड ऑफिसला, एक पुन्हा कपाटात. थापी ज्याच्या हातात होती त्याच्याकडे एकही नाही.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. दोनशे सहा कागदांत मोरीला लागणारी ओळ होती, पण ती सापडायला मोरी बिघडावी लागली. आणि कागदच टाकून दिले तेव्हा कचऱ्याबरोबर तीही गेली. म्हणजे मोठ्या कामाच्या कागदातलं छोट्या कामाला नेमकं किती लागतं? निम्मं? सहावा हिस्सा? एखादी ओळ? भीती होतीच, पण तिच्यावर आता कुतूहल चढलं. साहेबांनी दिलेल्या तीस दिवसांतले बारा उरले होते आणि कडूबांना त्या प्रश्नाशिवाय काही सुचत नव्हतं.

त्या शुक्रवारी दुपारी स्टोअरकीपर कमरोद्दीन यांच्या मुलीचं, जहांआराचं लग्न होतं. शहागंजच्या पुढं मांडव पडला होता. दीड हजार पान. सगळा कारखाना नान-खलिया खायला लोटला होता. कडूबा मटण खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी डाळ होती. ती चटकन संपवून ते, जिथं पाहुण्यांनी जायचं नसतं, तिथं मांडवामागं भट्टीकडे गेले. आठ देगांच्या मध्ये चांदपाशा भटारी खाटेवर बसून घाम पुसत होते. उशाशी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बारीक उर्दूत काहीतरी खरडलेलं होतं.

"चाचा, हे काय?"

"यादी, भाऊ. दीड हजाराचं खाणं हाय. गोश्त किती, पीठ किती, देग किती, कुठल्या देगीवर कोण. हे सगळं डोक्यात ठेवलं तर डोकं देगीत पडेल."

"आणि वीस-पंचवीस माणसांचं असलं तर? तेव्हा बी यादी?"

"नक्को. तेव्हा कायको?"

"म्हणजे काहीच लिहीत नाय. सगळं अंदाजानं."

चांदपाशांना अंदाज हा शब्द लागला. ते खाटेवर सरळ झाले. "अंदाज कसा? समजून घ्या. खाणं लहान झालं, तर काही गोष्टी लहान होतात. गोश्त, पीठ, लाकूड. काही गोष्टी पुऱ्या जातात. पंगतीला वाढपी किती, देगी भाड्यानं कुठून, हे पंचवीस माणसांत विचारायचंच नाय. पण काही गोष्टी एक माणूस असो की हजार, तेवढ्याच राहतात."

"त्या कुठल्या?"

"खाणं किती वाजता पाहिजे. खाणारा कोण, म्हातारा की जवान, तिखट चालतं का. आणि मीठ."

"मीठ तर कमी लागंल ना?"

"मीठ कमी लागेल. चाखणं कमी नाय होत. इथं चार जण आठ देगी चाखतात. घरात मी एकटा चाखतो. पण न चाखता देग उतरली, असं या हातानं कधी झालं नाय."

कडूबांनी खिशातून कागद काढला. "परत सांगा. जे लहान होतं, जे जातं, आणि जे तेवढंच राहतं."

"लिहून कायको घेता? खाणं पकवायचंय?"

"मोरी बांधायचीय."

चांदपाशांनी कमरोद्दीनना हाक मारून विचारलं, की तुमच्या या दोस्ताच्या डाळीत कुणी काही घातलं तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्यावर कडूबांनी हिरवी फाइल कॅन्टीनच्या लांब टेबलावर सोडली. एका बाजूला भागूबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला फकिरा. लग्न पार पाडून ताजेतवाने झालेले कमरोद्दीन तमाशा बघायला आले होते. कडूबा एकेक फॉर्म वाचत आणि विचारत, "हे नसतं, तर मोरीचं काय बिघडलं असतं?"

माती. "कायबी नाय," फकिरा म्हणाला. दहा वर्षांचा पाऊस. भागूबाई म्हणाल्या, कॅन्टीनला पत्रे आहेत, पाऊस आत येत नाही. आठवड्याच्या प्रगतीचा तक्ता. "दोन दिवसांच्या कामाला आठवडा कुठून आनू?" फकिरानं विचारलं. एकेक फॉर्म टेबलाच्या टोकाला जाऊ लागला. प्रत्येक वेळी कडूबा तो क्षणभर हातात धरत, जुन्या ओळखीच्या माणसाला निरोप द्यावा तसं बघत आणि मग ठेवत.

सोळावा फॉर्म 'उपयोगकर्त्यांच्या अपेक्षा' असा होता. कडूबांनी त्यात पूर्वी आपल्याच मनानं लिहिलं होतं, 'पाण्याचा सुलभ निचरा.' तोही ते सरकवणार, इतक्यात थांबले. "मावशी, तुमाला इचारलं तर काय सांगाल?"

"मोरीचा काठ उंच नको," भागूबाई लगेच म्हणाल्या. "पातेलं सरकवता आलं पाहिजे, उचलाया नको. आत्ताची मोरी देखणी हाय, पन काठ चार बोटं वर हाय. कंबर जाते."

फकिरानं मोरीकडे वळून पाहिलं. दागिन्यात खोट निघाली होती.

"हे आधी का नाय सांगितलं?" कडूबांनी विचारलं.

"आठ महिने तुमी माती इचारली, पाऊस इचारला, हवा इचारली. मला कवा इचारलं?"

हा फॉर्म राहिला. निचऱ्याचा एकोणिसावा राहिला. कोण करणार आणि कुठल्या दिवसापर्यंत, हे चार फॉर्मांत पसरलं होतं, ते एका ओळीत आलं. धोक्यांचा फॉर्म अकरा पानी होता. त्यातून एवढंच उरलं, की खोदताना तिथून कुठली तार, कुठला नळ जातो ते एकदा विचारून घ्यावं. शेवटी तपासणीचे पाच फॉर्म होते, त्यांवर पाच साहेबांच्या सह्या. कडूबा थबकले. मग स्वतःशीच म्हणाले, "चाखणारा एकच. पण चाखल्याबिगर नाय." आणि लिहिलं, 'काम झाले असे भागूबाई म्हणतील तेव्हा झाले.'

सदतीस फॉर्मांचा अर्धा कागद झाला. त्याच्यावर मोजून पाच ओळी होत्या. कडूबांनी तो कपाटात ठेवला नाही, खळ लावून कोपऱ्यातल्या भिंतीवर, फकिराच्या डोळ्यांसमोर चिकटवला. फकिराला वाचायला जड जायचं, म्हणून निचऱ्याच्या ओळीपुढं डावीकडे बाण आणि झाडाचं चित्र काढलं. झाड कोबीसारखं आलं होतं, पण मिस्त्रीला कळलं.

कमरोद्दीन इतका वेळ गंमत बघत होते. सगळे गेल्यावर ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "कडूबाभाऊ, एक बात समजली का तुमाला? हा अर्धा कागद भरायला भागूबाई पुरे हाय. मिस्त्री पुरे हाय. तुमी तुमच्याच खुर्चीचे पाय कापताय."

"कालपासून समजलंय."

"मग?"

कडूबांनी खळीचं बोट कागदाच्या कोपऱ्याला पुसलं. "मला बघायचं होतं, किती कागदांत होतंय. अर्ध्यात होतंय. आता दोनशे लागतात असं कसं सांगू? आणि मावशींचे पाय बघितले का तुमी?"

फकिरानं आपला दागिना स्वतःच्या हातानं फोडला. तीन दिवसांत नवी मोरी झाली. काठ जमिनीच्या बरोबरीनं, बाहेर पडल्यावर डावीकडं वळण, पाणी थेट कडुनिंबाच्या आळ्यात. पहिल्या दिवशी भागूबाई पाहणी करून म्हणाल्या, "नाय झालं." जाळी नव्हती आणि चमचे वाहून जात होते. पाच साहेबांनी हे बघितलं असतं, तर पाचही सह्या पडून गेल्या असत्या. जाळी बसली, दुसऱ्या दिवशी भागूबाईंनी सगळी ताटं घासून काढली, कोरड्या पायांनी टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "झालं." साक्षरता वर्गात शिकलेली 'भागू' एवढी सही त्यांनी अर्ध्या कागदावर केली. तिला सव्वा मिनिट लागलं.

ठरलेल्या मुदतीला चार दिवस बाकी असताना मोठे साहेब आले. जुने बूट घालून आले होते, त्यावरून त्यांची तयारी दिसत होती. त्यांनी मोरी पाहिली, बाहेर जाऊन आळं पाहिलं, आपली गाडी पाहिली. मग भिंतीवरचा कागद वाचला. पुन्हा वाचला.

"बाकीचे कुठं आहेत?"

"एवढाच हाय, साहेब."

"मोरी तुमच्या कक्षातून झाली. मी शब्द दिला होता, कक्ष राहील." साहेब कागदाकडे बघतच होते. "पण एक विचारतो. असे कागद उद्या बाकासाठी, नळासाठी, काचेसाठी निघतील. ते भरायला वेगळा कक्ष लागेल का?"

उत्तर तयार होतं. रात्रभर जागून नव्हे, सायकलवर येता येता कडूबांनी ते बनवलं होतं : प्रत्येक कागद कक्षानं तपासावा, क्रमांक घालावा, नोंदवहीत चढवावा, मग भिंतीवर लावावा. एवढं म्हटलं असतं, तर खुर्ची निवृत्तीपर्यंत पक्की होती. त्यांनी तोंडही उघडलं. पण समोर भागूबाई एक मोठं पातेलं नुसतं पायानं सरकवत मोरीकडे नेत होत्या, आणि त्यांचं लक्ष तिकडं गेलं. पातेलं कुठं अडत नाही ना, हे बघण्यात ते ठरवलेलं वाक्य राहून गेलं.

"नाय लागत, साहेब," ते म्हणाले. "मोठं काम निघालं तर सगळे सदतीस लागतील. त्यातला एक बी कमी करू नका. पण लहान कामाला कक्ष नाय लागत."

साहेब म्हणाले, "मोठं काम निघेल तेव्हा तुम्हालाच बोलावीन."

"व्हय, साहेब."

सोमवारी पाटी उतरली. ती कडूबांनी मागून घेतली आणि देवगावला नेली. सगळं ऐकून घेतल्यावर पुंजारामांनी विचारलं, "मंग नवीन जाग्यावर तू काय बसतो का हुबा राहतो?"

"स्टूल हाय."

"बसतो ना पन?"

"बसतो."

"मंग झालं," म्हातारा म्हणाला आणि पाटी दाराच्या आतल्या बाजूला, गाईच्या दाव्याशेजारी टांगली.

स्टोअरमधल्या पहिल्या सकाळी एक फिटर आला आणि त्यानं एक वायसर मागितला. चार आण्याच्या नाण्याएवढा. कमरोद्दीननी कार्बन घालून तीन प्रतींत चिठ्ठी फाडली. एक फिटरला दिली, एक सळईत खोचली, तिसरी मागच्या लाकडी पेटीत टाकली. कडूबा शेजारी स्टुलावर बसून बघत होते. पेटी कडेपर्यंत भरली होती.

"कमरूभाई," त्यांनी विचारलं, "ती तिसरी कोण वाचतं?"

कमरोद्दीन उत्तर द्यायला वळले. पेन त्यांच्या कानावर होतं ते त्यांनी काढलं, पेटीकडे पाहिलं, मग शटरबाहेर पाहिलं. "सतरा साल झाले," ते सावकाश म्हणाले. "हे कुणी विचारलंच नाय."

कडूबांनी स्टूल पेटीकडे ओढलं.